देवलाचा उजवा गाल

१

बुधवारी उजाडताना संतरामच्या घरातून किंकाळी उठली. शालूबाई लेकीला उठवायला गेली होती. देवलाने तोंडावरची वाकळ बाजूला केली आणि शालूबाईच्या हातातला तांब्या खाली पडला. पोरीच्या उजव्या गालावर बोराएवढे फोड तरारले होते. कपाळाची उजवी बाजू सुजून लाल झाली होती. गालावरून गळ्याकडे तीन-चार तांबडे ओघळ उतरले होते, कुणी कढत तेल ओतावं तसे.

देवलाचं लग्न पुढच्या आठवड्यावर आलं होतं. हट्टा गावाहून येणाऱ्या वऱ्हाडासाठी मांडवाचे बांबूसुद्धा अंगणात येऊन पडले होते.

एकोणीसशे त्रेचाळीस सालचा चैत्र. कुरुंद्यात घरोघर हळद शिजत होती, वाळत होती, आणि सगळ्या गावाचे तळपाय पिवळे झाले होते. गावचे पोलीस पाटील तातेराव. चोरी झाली तर चोर आणि चोरी नाही झाली तर भांडण, दोन्ही त्यांच्याच ओसरीवर यायचं. ते संतरामच्या अंगणात पोचले तोवर गावाने निकाल लावूनही टाकला होता.

"उटण्यात कायतरी घातलं," संतराम म्हणाला. "काल सकाळी उटणं लावलं, सांजच्याला आग आग सुरू झाली, आन् आज हे."

उटणं आलं होतं मदीनाबीकडून. मदीनाबी गावातल्या अत्ताराची विधवा. अत्तर, सुरमा, शिकेकाई, उटणं, औषधाच्या काड्यामुळ्या असं सगळं एका लाकडी पेटीत घालून ती दारोदार फिरायची. आणि ते उटणं दुधात कालवून देवलाला लावलं होतं आशाबाईने. आशाबाई म्हणजे शालूबाईची धाकटी जाऊ, भिंतीपलीकडेच राहणारी. तिच्या पोरीला हट्ट्याच्या ह्याच घराने आदल्या वर्षी नाकारलं होतं, हे कुणी मोठ्याने बोललं नाही, पण सगळ्यांच्या नजरा त्या भिंतीकडे जाऊन येत होत्या.

पाटलांनी मदीनाबीला बोलावलं. पेटी उघडायला लावली. तळाशी एका पुडीत काळे, चकचकीत बिब्बे निघाले.

अंगणात एकच गलका झाला. बिब्ब्याचं तेल अंगाला लागलं की कातडी कशी उठते, हे लहान पोरालाही ठाऊक होतं.

"हिला गावाबाहेर काढा!"

"बिब्बे मी इकते," मदीनाबी म्हणाली. तिचा आवाज जरासुद्धा चढला नाही. "धोबी घेतात, वैदू घेतात. पाटील, तुमच्या घरी बी दिलेत. उटण्यात घालीन कशाला? ह्या पोरीला मी पाळण्यात काजळ घातलंय."

"सांजच्याला बैठक हाय," तातेराव म्हणाले. "गाव म्हणंल ते व्हईल. गाव जा म्हणलं तर जावं लागंल. तवर पेटी चावडीत राहील."

"ऱ्हाऊ द्या. पण पोरीला आधी वसमतच्या डाक्टरीणबाईला दाखवा. तुमी बिब्बा बिब्बा करत खोबरेल चोळत बसाल, आन् दुखणं दुसरंच निघंल."

ज्या बाईला गाव हाकलायला निघालं होतं, ती पोरीसाठी डॉक्टर मागत होती. तातेरावांनी टांगा जुंपायला सांगितला.

२

वसमतच्या दवाखान्यात जाहेदा नावाची डॉक्टरीण नवी आली होती. हैदराबादेत शिकलेली, तिशीच्या आतली, अंगाने किरकोळ. संतरामच्या दारात टांग्यातून उतरून ती आधी मोरीवर गेली, कोपरापर्यंत हात धुतले आणि मग देवलाच्या खोलीत शिरली. तातेराव उंबऱ्याबाहेर पाठ करून बसले.

काय लावलं, कुणी लावलं, असं काहीच आतून ऐकू आलं नाही. मग प्रश्न आला, "देवला, कुठं कुठं दुखतं ते दिसतंच आहे. कुठं दुखत नाही ते सांग."

हा काय प्रश्न झाला, असं तातेरावांच्या मनात आलं.

"डावा गाल जरा चुरचुरतोय. बाकी न्हाई."

"हात? पाय?"

"न्हाई."

"उटणं हातापायांना लावलं होतं?"

"व्हय, समद्या अंगाला."

जाहेदा बाहेर आली आणि पाटलांसमोर खाली बसली. "पाटील, उटणं कालवतात ते किती घट्ट?"

"थापता यावं इतकं."

"ओघळतं का?"

"ओघळंल कशाला?"

"मग गळ्यावर ओघळ कशाचे?"

सकाळपासून पन्नास माणसांनी ते ओघळ पाहिले होते, तातेरावांनीही पाहिले होते. ओघळ म्हणून कुणी पाहिले नव्हते.

तिने उटण्याची वाटी मागवली. कडेला पिवळी खपली वाळून बसली होती. "यात कुणी चुना किंवा धुण्याचा सोडा मिसळला असेल, असं आधी माझ्याही मनात आलं. तुमच्या चंचीत चुना आहे ना?"

पाटलांनी चंची सोडली. नखभर चुना तिने पाण्याच्या थेंबाबरोबर खपलीवर घासला. पिवळ्याचं क्षणात रक्तासारखं लाल झालं.

"हळदीला चुना लागला की लाल व्हती, हे कुरुंद्यात शेंबडं पोरगं बी सांगंल," तातेराव म्हणाले.

"मग सकाळपासून कुणी सांगितलं का नाही? उटण्यात हळद आहे. त्यात चुना किंवा सोडा असता तर वाटी लाल असती. वाटी पिवळी आहे."

"चुना न्हाई तर बिब्बा."

"पुसायला घेतलेला पंचा आणा."

पंचा दोरीवर होता. जाहेदाने तो उन्हासमोर धरून वीत-वीत तपासला. पिवळे डाग होते, एकही काळा नव्हता. "धोबी कपड्यावर खूण करायला बिब्बाच का वापरतो?"

"जल्मात निघत न्हाई म्हणून." तातेरावांनी पंचा पुन्हा न्याहाळला. मग हळूच म्हणाले, "म्हंजे बिब्बा बी न्हाई."

"आणि काहीही असलं, तरी उटणं काय एकाच गालाला लावतात?" जाहेदा उठली. "ज्यांनी लावलं त्यांना भेटू."

३

आशाबाई दारातच उभी होती. बोलावणं येणार हे तिला ठाऊक असावं.

"मीच लावलं, ह्याच हातांनी," तिने दोन्ही पंजे पुढे केले. "बगा, हायेत का फोड? पोरीच्या वाइटावर आसते तर चार सवाष्णींसमोर लावलं असतं का?"

"हात लगेच धुतले असतील," तातेराव म्हणाले.

"मग देवलाला बी लगेच न्हाऊ घातलं की! तिला काहून बाधलं?"

जाहेदाला हसू आलं. "बराबर बोललात. आता एवढंच सांगा, उरलेल्या उटण्याचं काय केलंत?"

आशाबाईने पंजे मागे घेतले. "टाकलं."

"कुठं?"

"उकिरड्यात."

तातेराव ताडकन म्हणाले, "नवरीचं उटणं उकिरड्यात? आशाबाई, सुदीवर हायेस का?" नवरीच्या अंगाची उरलेली हळद असो की उटणं, ते कुणी टाकत नाही. कुठल्या ना कुठल्या लग्नाच्या पोरीच्या अंगाला ते लागतंच, म्हणजे तिचंही लवकर जमतं असं म्हणतात. जाहेदाने पाटलांकडे पाहिलं. हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ते तिने लपवलंही नाही.

आशाबाईचे डोळे भरून आले. तिने आत हाक मारली, "बेबे, भाईर ये."

दाराआडून एक पोरगी बाहेर आली. जाहेदाने तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे फिरवलं. दोन्ही गाल नितळ होते.

"चोरून आणलं," आशाबाई म्हणाली. "दोन सोयरिकी मोडल्या हिच्या. मागितलं असतं तर जाऊबाई म्हणल्या असत्या, माझ्या लेकीचं नशीब पुसून नेती. काल दुपारीच लावलं हिला, मान-हात-तोंड, समद्याला."

त्याच वाटीतलं, त्याच दिवशीचं, त्याच हातांनी लावलेलं. बेबीला काही नाही आणि देवलाला फोड. तातेरावांना कळून चुकलं की मदीनाबी सुटली, आशाबाईही सुटली. पण गावाला हे पटवायचं कसं? देवलाला झालं तरी काय, असं पहिल्या माणसाने विचारलं की बोट पुन्हा पेटीकडेच वळणार.

ते निघाले, तेव्हा आशाबाई मागून बोलली, "तसा तिचा गाल आधीच लाल व्हता. लावताना झोंबतंय बी म्हणली. म्या चेष्टा केली, हट्ट्याचं नाव काढलं की लाजती म्हणून."

जाहेदा गर्रकन वळली. "आधीच? उटणं लावायच्या आधी?"

४

आता मंगळवारचं कुणी विचारणार नव्हतं. संतरामच्या घरी परत येऊन जाहेदाने देवलाला रविवार-सोमवारचं विचारायला घेतलं.

"उन्हात गेली होतीस?"

"रोजच जाते. खळ्यावर हळद वाळत घातलीया, शेरडं तोंड घालतात. रविवारी दुपारभर बाजेवर बसून राखली."

"कशी बसली होतीस ते दाखव बरं."

देवला बाजेवर बसली, एक पाय वर घेऊन, पदर डाव्या बाजूने पुढे ओढून. जाहेदाने खिडकीतून खळ्याकडे पाहिलं. दुपार कलल्यावर ऊन कुठून येत असेल याचा हाताने अंदाज घेतला. तो हात देवलाच्या उजव्या गालासमोर येऊन थांबला.

"तोंडाला काही लावलं होतंस, रविवारी?"

देवलाची नजर चुलीकडे गेली, जिथे तिची आई पाठमोरी बसली होती. "न्हाई."

तातेरावांना वाटलं, आता ही खोदून विचारील. त्यांनी स्वतः विचारलं असतं, दरडावून. जाहेदाने फक्त पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि शालूबाईला म्हणाली, "बाई, तुम्ही कुंकू करता ना? औंढ्याच्या देवळापुढच्या दुकानांत तुमचंच असतं म्हणे. बघू द्याल?"

मागच्या खोलीत भर दुपारी अंधार होता. खिडकीला गोणपाट लावलं होतं. मातीच्या कुंड्यांत हळकुंडाचे तुकडे टाकणखार घातलेल्या लिंबाच्या रसात मुरत पडले होते. सुपांत तयार तुकडे वाळत होते, बाहेरून लालबुंद. कोपऱ्यात पिळलेल्या लिंबांचा ढीग होता.

"खिडकी बंद काहून?" जाहेदाने आशाबाईचाच शब्द उचलला.

"उन्हानं रंग मरतो," शालूबाई म्हणाली. "कुंकवाला ऊन दाखवायचं न्हाई. सासूबाईंनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं."

"आणि तुमचे हात? दिवसभर लिंबात?"

"जल्म गेला लिंबात." शालूबाईने हात पुढे केले. तळवे लालसर रंगलेले, पण कातडी मऊ, डाग नाही की भेग नाही. "लिंबू कुणाला बाधतं व्हय, बाईसाहेब? देवाच्या पायी वाहतो आपण."

जाहेदाने ढिगातलं एक लिंबाचं साल उचललं, दुमडून नाकाशी धरलं, आणि दोन-तीन सालं रुमालात बांधून घेतली. मग देवलाचे फोड स्वच्छ पाण्याने पुसून वरून सैल मऊ कापड लावलं, आणि ऊन अजिबात लागू द्यायचं नाही असं बजावलं.

टांग्यापाशी ती म्हणाली, "पाटील, मला शनिवारपर्यंत वेळ द्या. तोवर कुणालाही गावाबाहेर काढायचं नाही."

"गाव ऐकायचं न्हाई."

"तुमचं ऐकेल."

"कुणी केलं ते तुमाला ठाऊक हाय?"

"वाटतंय. ठाऊक नाही. असं कुठं वाचल्याचंही आठवत नाही. म्हणून करून बघायला हवं."

काय करून बघणार, ते तिने सांगितलं नाही.

बैठक पुढे ढकलली तेव्हा तातेरावांना भरपूर ऐकून घ्यावं लागलं. "पाटील डाक्टरणीच्या टांग्याला जुंपले," असं कुणीतरी मागून म्हणालं आणि चावडी हसली. मदीनाबीची पेटी चावडीतच पडून होती, आणि त्या दिवसांत लोक तिच्या दारात येऊन वाकडं बोलून जायचे. ती दाराशी बसून राहायची, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला एकच विचारायची, "देवला कशी हाय?"

५

शनिवारी संतरामचं अंगण भरलं. बाया ओसरीवर, पुरुष खाली, मदीनाबी एकटी बांबूंच्या ढिगाजवळ. जाहेदा मध्ये उभी राहिली आणि तिने डावी बाही कोपराच्या वर सारली.

पुढच्या रांगेतली माणसं मागे सरली.

मनगटाजवळ रुपयाएवढ्या जागेवर देवलाच्या गालावर होते तसेच फोड होते, तसेच लाल, पाण्याने भरलेले.

"गुरुवारी दुपारी हाताच्या तीन जागा मी निवडल्या," ती म्हणाली. "इथं, मनगटाजवळ, लिंबाचं साल चोळलं आणि उन्हात बसले. इथं, मधे, तेच साल चोळलं, पण जाड पट्टी बांधून झाकलं. आणि कोपराजवळ काहीच लावलं नाही, नुसतं ऊन घेतलं. बघा."

तातेराव पुढे झाले. मधली जागा स्वच्छ होती. कोपराजवळची जागा स्वच्छ होती. त्यांनी ते तिथूनच ओरडून सांगितलं.

"एकट्या लिंबाने काही झालं नाही. एकट्या उन्हाने काही झालं नाही. दोन्ही एका जागी आली तिथं हे झालं. आणि लगेच नाही झालं. गुरुवारी मी हात बघत बसले, काही नाही. शुक्रवारी जरा लाली आली. आज हे फोड. देवलाचंही तसंच. रविवारी रस लागला, ओघळ गळ्यावर गेले, उजव्या बाजूने ऊन आलं. मंगळवारी सकाळी गाल लाल झाला. त्याच सकाळी उटणं लावलं, म्हणून सगळा आळ उटण्यावर गेला. तेच उटणं दुसऱ्या एका पोरीनेही लावलंय, आणि ती ठणठणीत आहे." आशाबाईच्या पोरीचं नाव तिने घेतलं नाही.

"मग लिंबू लावलं कुणी?" खालून कुणीतरी विचारलं.

जाहेदाला उत्तर माहीत होतं हे तातेरावांना दिसत होतं, आणि ते ती देणार नाही हेही दिसत होतं.

ओसरीवरून शालूबाई उठली. पायऱ्या उतरून ती अंगणात आली.

"म्या चोळलं," ती म्हणाली. "पोर पाहायला आल्या तवा हट्ट्याच्या विहीणबाई बोलल्या, नाकडोळे झकास, रंग तेवढा मावळलेला हाय. मला झोप लागंना. कुंकवाची पिळलेली लिंबं व्हतीच. रविवारी तोंडभर चोळली, आन् म्हणलं, उन्हात बस, म्हंजे मुरंल. कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातली." ती जाहेदाकडे वळली. "कुंकवाला ऊन लागू देत न्हाई मी, बाईसाहेब. पोरीला उन्हात बसवलं."

"तुमचे हात अंधाऱ्या खोलीतच लिंबात असतात," जाहेदा म्हणाली. "म्हणून लिंबू बाधतं हे तुम्हाला कधी कळायचं कारणच नव्हतं. लिंबाच्या रसाने भिजलेले हात घेऊन जे उन्हात वावरतात त्यांना कदाचित तुमच्याआधी संशय आला असता. हे पाप नाही, शालूबाई. चूक आहे. फोड बसतील. काळे डाग मात्र काही महिने राहतील, मग फिके होत जातील. तोवर ऊन नाही, लिंबू नाही, आणि रंग उजळायचं दुसरं काही तर मुळीच नाही. स्वयंपाकघरातली वस्तू आहे म्हणून ती कातडीला चालेलच, असं धरू नका."

शालूबाई तशीच पुढे गेली आणि मदीनाबीसमोर उभी राहिली. मदीनाबीनेच तिचा हात धरला.

"तू मला इचारायला पायजे व्हतंस," ती म्हणाली, आणि मग जराशी हसली. "पर खरं सांगू? मी बी लिंबूच सांगितलं असतं. मला बी कुठं ठाऊक व्हतं!"

सगळं अंगण हसलं. शालूबाई रडत रडत हसली. तातेरावांनी तिथंच जाहीर केलं की मदीनाबी कुठं जाणार नाही, तिच्या दारात जो वाकडं बोलला त्याने उद्या तिथंच जाऊन माफी मागावी, आणि सुरुवात ते स्वतः करतील. हट्ट्याला निरोप घेऊनही तेच जाणार होते. पोरीचा गाल बरा होईल, विहीणबाईंचं बोलणं बरं होतं का ते बघू, असं ते संतरामला म्हणाले.

टांगा वेशीत येईपर्यंत ते जाहेदाबरोबर चालत आले. आयुष्यात त्यांनी पुष्कळ पोलीस अमीन पाहिले होते, पुष्कळ तपास पाहिले होते. दरडावून घेतलेले कबुलीजबाब पाहिले होते. स्वतःच्या अंगावर गुन्हा पुन्हा करून बघणारं माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं होतं.

"एक इचारू, बाईसाहेब? समदं तर तुमाला बुधवारीच उमगलं व्हतं. नुसतं सांगितलं असतं तरी भागलं असतं. धडधाकट हात पोळून घेतला काहून?"

जाहेदा टांग्यात बसली होती. तिने बाही अजून खाली घेतली नव्हती.

"पाटील, ती मदीनाबी. मी जाहेदा. बुधवारी मी भर अंगणात म्हटलं असतं की मदीनाबीचा दोष नाही, दोष पोरीच्या आईचा आहे, तर तुम्ही मानलं असतं?"

तातेरावांनी टांग्याच्या चाकावर हात ठेवला. व्हय म्हणणं सोपं होतं, आणि तिनेही ते हसून घेतलं असतं. त्यांनी तिच्या मनगटावरच्या फोडांकडे पाहिलं.

"न्हाई," ते म्हणाले. "न्हाई मानलं असतं."

"म्हणून," जाहेदा म्हणाली, आणि तिने बाही जपून खाली ओढली.